निर्जीव लॅपटॉपची नाडीपरीक्षा

"लॅपटॉप बंद पडला आहे" हें वाक्य दुरुस्तीच्या दुकानांत दिवसांतून अनेक वेळां ऐकूं येतें, आणि तें ऐकून चांगल्या कारागिराला जवळजवळ कांहींच कळत नाहीं. "घरांत एक माणूस आजारी आहे" एवढेंच सांगून वैद्याकडे औषधाची पुडी मागावी, तशांतलाच हा प्रकार. कारण ह्या एका वाक्याखालीं निदान तीन निरनिराळीं दुखणीं दडलेलीं असतात. एक लॅपटॉप कळ दाबली तरी दिवा लावीत नाहीं, पंखा फिरवीत नाहीं, हूं कीं चूं करीत नाहीं. दुसऱ्याचा दिवा लागतो, पंख्याची घरघरहि ऐकूं येते, पण पडदा अमावास्येच्या रात्रीसारखा काळा राहतो. तिसऱ्याच्या पडद्यावर कंपनीचें बोधचिन्ह उमटतें, आणि तेथून पुढें मात्र गाडी सरकत नाहीं. कधीं ठिपक्यांचें चक्र गरगरत राहतें, कधीं निळ्या पडद्यावर क्षमायाचनेचीं चार वाक्यें येतात, कधीं चालू करण्याजोगी डिस्क सांपडत नसल्याची सूचना येते. पहिलें दुखणें बहुधा विजेचें. दुसरें दृष्टीचें किंवा स्मरणाचें. आणि तिसरें पुष्कळ वेळां यंत्राचें नसतेंच, यंत्रांत सांठविलेल्या लिखाणाचें असतें.

ह्या तिहींची सरमिसळ झाली म्हणजे ती महागांत पडते. लॅपटॉप हें यंत्र बाजारांत पुन्हा विकत मिळतें. परंतु त्यांत सांठविलेला एखाद्या विद्यार्थिनीचा प्रबंध, दिवंगत आजोबांचीं छायाचित्रें किंवा लहानशा धंद्याचा दहा वर्षांचा जमाखर्च कोणत्याहि दुकानीं मिळत नाहीं. असें असतां घाबरलेला मालक प्रथम यंत्राचीच चिंता करितो, आणि घाईंत असलेला दुकानदार "सगळें नव्यानें घालून देतों" असें म्हणून दोन तासांत यंत्र चालूहि करून देतो. यंत्र चालतें, आंत मात्र कोरी पाटी असते. दुकानी भाषेंत ज्याला 'फॉर्मॅट मारणें' म्हणतात, त्या उपायापूर्वीं दुखण्याची जात ठरविणें अवश्य आहे. आणि तिचा बराचसा निर्णय घरींच, एकहि स्क्रू न काढतां, करितां येतो.

त्यासाठीं कळ दाबल्यानंतरच्या पहिल्या कांहीं सेकंदांत काय घडतें, तें थोडेंसें समजून घेतलें पाहिजे. लॅपटॉप बंद असतो तेव्हांहि तो पुरता निजलेला नसतो. त्यांत एक लहानसा स्वतंत्र नियंत्रक असतो; वाड्याच्या देवडीवरील रखवालदाराप्रमाणें तो रात्रंदिवस जागा राहतो. कळ दाबल्याची वर्दी प्रथम त्याला पोंचते. बॅटरी किती भरली आहे, चार्जर जोडलेला आहे कीं नाहीं, झांकण उघडें आहे कीं मिटलेलें, हें सारें तोच पाहतो. त्याची खात्री पटली म्हणजे निरनिराळ्या दाबांची वीज ठरलेल्या क्रमानें मदरबोर्डाच्या निरनिराळ्या भागांना सोडली जाते. मग मुख्य प्रोसेसर जागा होतो आणि एका लहानशा चिपमध्यें लिहून ठेवलेल्या आज्ञा वाचूं लागतो. आयबीएमच्या १९८१ सालच्या पीसीमुळें ह्या आज्ञासंचाचें 'बायॉस' हें नांव रूढ झालें. अलीकडच्या यंत्रांत त्याची जागा 'यूईएफआय' ह्या नव्या रचनेनें घेतली आहे, तरी दुकानांत जुनेंच नांव चालतें. हा संच प्रथम आपल्याच घराची झडती घेतो. रॅमच्या पट्ट्या जागेवर आहेत काय, त्यांत लिहिलेलें परत वाचतां येतें काय, चित्र उमटविणारा भाग हांकेला ओ देतो काय, हें पाहून झाल्यावरच पडद्यावर बोधचिन्ह येतें. म्हणजे झडतीच्या ह्या आरंभींच्या भागांत खोट निघाली, तर ती सांगण्याकरितां पडदा उपलब्धच नसतो. रॅम सैल झालेली असते, आणि मालक बिचारा पडद्याला दोष देत बसतो.

झडती पुरी झाली कीं आज्ञासंच डिस्ककडे वळतो, तिच्यावरील एक छोटा कार्यक्रम वाचतो, तो कार्यक्रम विंडोज किंवा लिनक्ससारख्या मोठ्या कार्यप्रणालीला उठवितो, आणि मग मालकाचें ओळखीचें चित्र समोर येतें. ह्या क्रियेस इंग्रजींत 'बूट' म्हणतात. स्वत:च्याच बुटांच्या पट्ट्या ओढून स्वत:ला वर उचलूं पाहणाऱ्या माणसाच्या जुन्या थट्टेवरून तें नांव पडलें आहे. थट्टा यथार्थच आहे. लहानानें मोठ्याला, मोठ्यानें त्याहून मोठ्याला हात द्यावा, अशी ही सांखळी. आणि ती नेमकी कोणत्या कडीशीं तुटली, हें शोधणें म्हणजेच परीक्षा.

आतां पहिलें दुखणें : पूर्ण निश्चेष्टता. येथें आरंभ यंत्रापासून न करितां भिंतीपासून करावा. ज्या सॉकेटांत चार्जर खोंचला आहे त्यांत टेबलावरचा दिवा लावून पाहावा. आपल्याकडे सॉकेटाशेजारीं बटण असतें, आणि तें कोणीतरी मिटविलेलें असणें हें ह्या दुखण्याचें सर्वांत स्वस्त कारण होय. जोडफळ्यांचे संपर्क सैल होतात, तेव्हां ती मध्यें न घेतां चार्जर सरळ भिंतींत लावून पाहावा. नंतर चार्जर. त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत तो किती व्होल्टची व किती वॅटची वीज देतो, हें छापलेलें असतें. गोल पिनेच्या जुन्या चार्जरांतून साधारणत: १९ व्होल्टच्या आसपास वीज निघते, घरांत मल्टिमीटर असल्यास तें एका मिनिटांत ताडून पाहतां येतें.

नव्या यूएसबी-सी जातीच्या चार्जरांनीं एक निराळाच घोटाळा उत्पन्न केला आहे. फोनचा चार्जर आणि लॅपटॉपचा चार्जर एकाच आकाराच्या भोंकांत बसतात, आणि बसला म्हणजे चालला अशी समजूत होते. वस्तुत: ह्या पद्धतींत चार्जर व यंत्र तारेंतून प्रथम एकमेकांशीं बोलणीं करितात. बोलणीं होईपर्यंत तारेंत अवघे ५ व्होल्ट असतात. सौदा जमल्यावरच ते ९, १५ किंवा २० व्होल्टपर्यंत चढतात. ज्याला ६५ वॅटची भूक आहे अशा लॅपटॉपला १८ वॅटचा फोनचा चार्जर जोडला, तर कित्येक यंत्रें तो नाकारतात, आणि कित्येक तो इतक्या मंद गतीनें पितात कीं दिवसभर जोडूनहि कळ दाबल्यावर कांहीं होत नाहीं. तारेचीहि तीच कथा : फोनच्या सगळ्याच तारा एवढा भार वाहण्यास समर्थ नसतात. शिवाय बॅटरी पार रिती झालेली असेल, तर योग्य चार्जर जोडल्यावरहि अर्धा तास धीर धरणें इष्ट.

एवढें करूनहि जाग आली नाहीं, तर एक जुना व फारच उपयुक्त उपाय आहे. चार्जर काढावा, माऊस, पेन ड्राइव्ह, प्रिंटरची तार, जें जें जोडलेलें असेल तें सारें काढावें, बॅटरी बाहेरून निघण्यासारखी असल्यास तीहि काढावी, आणि चालू करण्याची कळ सुमारें अर्धा मिनिट सतत दाबून धरावी. नंतर केवळ चार्जर जोडून नेहमीप्रमाणें कळ दाबावी. पुष्कळांना हा उपाय दृष्ट काढण्यासारखा वाटतो, आणि तो कित्येकदां गुण देतो ह्याचें त्यांस नवल वाटतें. पण त्यांत गूढ कांहीं नाहीं. देवडीवरचा जो रखवालदार वर सांगितला, तो कधींकधीं स्वत:च गोंधळतो. विजेच्या एखाद्या झटक्यानें किंवा यंत्र अर्धवट निजलें असतां बॅटरी संपल्यानें त्याच्या स्मरणांत चुकीची नोंद अडकून बसते, आणि मग तो कोणालाच आंत सोडीत नाहीं. वीज तोडून कळ दाबून धरली म्हणजे मदरबोर्डावर शिल्लक राहिलेला विद्युत्भार निघून जातो आणि त्याला सर्व कांहीं पहिल्यापासून पाहावें लागतें. बॅटरी आंतच बसविलेल्या यंत्रांत दीर्घकाळ दाबलेली कळ हीच त्याला पुन्हा आरंभ करण्याची आज्ञा ठरते. कांहीं यंत्रांच्या तळाशीं ह्याच कामासाठीं टांचणी जाईल एवढें भोंक ठेवलेलें असतें. पुष्कळ मालकांना तें हवेसाठीं आहे असें वाटतें! ह्या उपायानें डिस्कवरील एकहि अक्षर पुसलें जात नाहीं, तेव्हां तो करण्यास भीति नको.

दुसरें दुखणें अधिक फसवें असतें, आणि त्याचा संशय फिटण्यास थोडी चिकाटी लागते. दिवा आहे, घरघर आहे, पण चित्र नाहीं. येथें पहिला प्रश्न असा कीं, यंत्र खरोखरच अडकलें आहे, कीं काम करीत आहे व केवळ दिसत नाहीं? कळफलकावरील 'कॅप्स लॉक' ही कळ दाबून पाहावी. तिचा बारीक दिवा दाबल्यासरशीं लागत व विझत असेल, तर आंत कोणीतरी जागें आहे. मग दोष पडद्याच्या बाजूस शोधावा. तो दिवा मुळींच हालला नाहीं, तर झडतीच्याच वेळीं कांहीं अडलें असण्याचा संभव अधिक.

आंत जाग असून चित्र नसेल, तर प्रथम क्षुल्लक कारणें बाजूस सारावीं. प्रकाश कमी करण्याची कळ चुकून दाबली जाऊन पडदा तळाला गेलेला असतो. सभेंत प्रोजेक्टर जोडला होता, आणि चित्र 'फक्त दुसऱ्या पडद्यावर' पाठविण्याची आज्ञा तशीच राहिली, असेंहि होतें. विंडोजच्या कळेसह 'पी' दाबली म्हणजे ती आज्ञा बदलतां येते. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व 'बी' ह्या चार कळा एकदम दाबल्यास चित्र काढणारा कार्यक्रम पुन्हा आरंभ करितो, आणि कधींकधीं तेवढ्यानेंच काम भागतें.

ह्याहून विलक्षण कारण लोहचुंबकाचें आहे. झांकण मिटलें हें यंत्राला कळावें म्हणून पडद्याच्या चौकटींत एक लहानसा चुंबक व खालच्या अंगांत त्याला ओळखणारा संवेदक बसविलेला असतो. एडविन हॉल ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १८७९ सालीं चुंबकाचा विद्युत्प्रवाहावर होणारा जो परिणाम शोधून काढला, त्यावरच बहुतेक संवेदकांची उभारणी झालेली आहे. आतां फोनच्या पाकिटाला चुंबकी झडप असते, मनगटावरच्या पट्ट्याला चुंबकी कडी असते. लॅपटॉपवर लॅपटॉप ठेवला तर खालच्याचा चुंबक वरच्याला लागतो. झांकण उघडें असतांहि तें मिटलें आहे अशी यंत्राची समजूत होते, आणि तें शहाण्यासारखें पडदा विझवितें. पाकीट दोन हात दूर ठेवलें कीं प्रकाश! अशा यंत्राचा पडदा बदलण्याचा खर्चाचा अंदाज घेऊन घरीं परतलेल्या मालकाची स्थिति कल्पनेनेंच जाणावी.

त्यानंतर विजेरीची परीक्षा. खोलींत अंधार करावा, यंत्र चालू ठेवावें, आणि विजेरीचा झोत पडद्यावर तिरपा टाकून बारकाईनें पाहावें. पुष्कळ वेळां काळ्या काचेंत चिन्हांचीं फिकट भुतें दिसतात. ह्याचा अर्थ चित्र उमटत आहे, पण त्याच्या मागचा दिवा विझला आहे. लॅपटॉपच्या नेहमीच्या पडद्यांतील द्रवस्फटिक स्वत: प्रकाशत नाहींत, ते झरोक्यांप्रमाणें मागून येणारा प्रकाश कोठें सोडावा व कोठें अडवावा एवढेंच ठरवितात. मागचा दिवा जुन्या यंत्रांत बारीक नळीचा असे, आतां तो एलईडींचा असतो. तो किंवा त्याला वीज पुरविणारा लहानसा भाग निकामी होतो. ओलेड जातीच्या पडद्यावर मात्र ही परीक्षा चालत नाहीं, कारण त्याचा प्रत्येक बिंदु स्वयंप्रकाशी असतो. अशा ठिकाणीं, आणि वस्तुत: सर्वच ठिकाणीं, निर्णायक साक्ष दुसऱ्या पडद्याची. घरचा टेलिव्हिजन एचडीएमआय तारेनें जोडावा व दोन मिनिटें थांबावें. त्यावर चित्र आलें, तर मदरबोर्ड व डिस्क दोन्ही सुखरूप आहेत; दोष पडद्यांत किंवा बिजागरींतून जाणाऱ्या पातळ तारेंत आहे.

ही तार म्हणजे लॅपटॉपचें एक मर्मस्थान. झांकण प्रत्येक वेळीं उघडतांना व मिटतांना ती वांकते. २०१६ सालच्या मॅकबुक प्रोमध्यें ती अंमळ आंखूड पडली होती. झिजून झिजून प्रथम पडद्याच्या खालच्या कडेला नाटकाच्या रंगमंचावरील दिव्यांसारखे प्रकाशाचे झोत दिसूं लागत, आणि पुढें पुढें झांकण एका विशिष्ट कोनापलीकडे उघडलें कीं पडदा विझे. अॅपलनें २०१९ च्या मे महिन्यांत त्यांतील १३ इंची यंत्रांसाठीं विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर केली. पण तत्पूर्वींच नंतरच्या यंत्रांतील तार दोन मिलिमीटरनीं लांब केलेली आढळून आली होती. झांकण हळूहळू पुढेंमागें केलें असतां चित्र येत-जात असेल, तर कोणत्याहि कंपनीच्या यंत्रांत ह्याच तारेवर प्रथम संशय घ्यावा.

बाहेरच्या पडद्यावरहि कांहीं आलें नाहीं, म्हणजे रॅमची पाळी. मात्र नुकतीच रॅम बदलली असेल, तर घाई करूं नये. डीडीआर ५ जातीची नवी रॅम बसविल्यावर प्रथमच चालू होतांना यंत्र तिच्याशीं जुळवून घेण्यांत कित्येक मिनिटें घालवितें, आणि तेवढा वेळ पडदा काळाच असतो. नवी पट्टी खराब निघाली असें समजून यंत्र मध्येंच बंद करणारे पुष्कळ भेटतात. एरवीं, आवाजाकडे कान द्यावा. ठराविक संख्येनें होणारे 'पीं पीं' किंवा दिव्याची ठराविक उघडझांप ही त्या मुक्या यंत्राची तक्रार असते. तिचा अर्थ प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेंत दिलेला असतो व तो कंपनीगणिक बदलतो.

ज्याचा हात स्थिर आहे त्यानें तळाचें झांकण काढून पुढील परीक्षा करावी. पण बॅटरीची तार सोडविल्याशिवाय आंत बोट घालूं नये, आणि अंगावरील स्थिर विद्युत् जाण्यासाठीं प्रथम नळासारख्या जमिनीशीं जोडलेल्या धातूला हात लावावा. रॅमच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या कड्या बाहेरच्या अंगाला दाबल्या कीं पट्टी आपोआप तिरपी उभी राहते. तिचे सोनेरी दांत स्वच्छ कापडानें किंवा अल्कोहोलनें पुसावे; शाळेंतील पांढऱ्या खोडरबरानेंहि काम होतें, मात्र त्याचा भुगा खांचेंत पडूं देऊं नये. दोन पट्ट्या असल्यास एकेक करून दोन्ही खांचांत लावून पाहावी. मुंबईच्या व कोंकणच्या दमट हवेंत ह्या दांतांवर मलिनता लवकर धरते, आणि पावसाळाभर कपाटांत पडलेलें यंत्र दिवाळींत काळें राहतें, ह्याचें कारण पुष्कळदां एवढेंच असतें. अलीकडच्या सडपातळ यंत्रांत रॅम मदरबोर्डालाच डाखलेली असते. तेथें हा उपाय संपला.

काळ्या पडद्याचें एक कारण मात्र घरच्या कोणत्याहि उपायाच्या पलीकडचें आहे, आणि त्याचा इतिहास सांगण्यासारखा आहे. २००७-०८ च्या सुमारास डेल, एचपी व अॅपल ह्यांच्या अनेक लॅपटॉपांत एकाच तऱ्हेचा रोग दिसूं लागला : यंत्र चालू होई, पंखा फिरे, पडदा काळा. मूळ होतें एनव्हिडिया कंपनीच्या चित्र काढणाऱ्या चिपांत. अशी चिप धातूच्या अतिसूक्ष्म टेंगळांवर आपल्या तळपट्टीशीं जोडलेली असते. यंत्र तापलें कीं चिप व तळपट्टी निरनिराळ्या प्रमाणांत प्रसरण पावतात, निवलें कीं आकुंचन पावतात. आणि वापरलेलें साहित्य दुर्बळ असल्यानें शेंकडों वेळां तापून निवल्यावर त्या टेंगळांना तडे गेले. २ जुलै २००८ रोजीं एनव्हिडियानें ह्या दोषापायीं १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. डेलनें पंखा अधिक वेळ फिरविणारा नवा बायॉस दिला; त्यानें रोग गेला नाहीं, लांबला. ह्याच सुमारास मालकांत एक अघोरी उपाय पसरला. मदरबोर्ड काढून भट्टींत भाजायचा, किंवा लॅपटॉप घोंगडींत गुंडाळून मुद्दाम तापवायचा! तापल्यानें तडे क्षणकाल मिटत आणि चित्र परत येई. दिवस-आठवडे चाले, आणि पुन्हा काळोख. आजहि कित्येक ठिकाणीं चिपेला गरम हवा देऊन "दुरुस्त केली" म्हणून दाम घेतात. चिप बदलली कीं केवळ तापविली, हा प्रश्न ग्राहकानें आधींच विचारलेला बरा.

तिसऱ्या जातीच्या दुखण्यांत यंत्राच्या शरीराला बहुधा धक्काहि लागलेला नसतो. ह्याचें सर्वांत मोठें प्रात्यक्षिक १९ जुलै २०२४ रोजीं जगानें पाहिलें. क्राउडस्ट्राइक ह्या कंपनीनें आपल्या संरक्षक कार्यक्रमासाठीं एक सदोष फाईल जगभर पाठविली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ८५ लक्ष विंडोज यंत्रें निळ्या पडद्यावर येऊन अडकलीं. चालू केलें कीं निळा पडदा, पुन्हा चालू केलें कीं पुन्हा निळा पडदा. भारतांतील विमानतळांवर प्रवाशांना हातानें लिहिलेले प्रवेशपास द्यावे लागले. त्या ८५ लक्षांतील एकाहि यंत्राची रॅम, पडदा किंवा बॅटरी त्या फाईलनें बिघडविलेली नव्हती. उपाय एवढाच होता कीं, यंत्र 'सेफ मोड'मध्यें, म्हणजे अत्यावश्यक तेवढ्याच सामग्रीवर, चालू करावें आणि ती एक फाईल पुसावी. तथापि यंत्र अडकलेलें असल्यानें हें काम पुष्कळ ठिकाणीं दुरून करितां येईना. माणसांना एकेका यंत्रापाशीं जावें लागलें.

घरच्या लॅपटॉपांतहि हाच मार्ग. प्रथम पेन ड्राइव्ह खोंचलेला राहिला नाहीं ना, तें पाहावें. यंत्र त्यावरूनच चालू होण्याचा व्यर्थ खटाटोप करीत असतें. विंडोज लागोपाठ दोन-तीन वेळां उठूं शकलें नाहीं, तर तें आपण होऊन दुरुस्तीचा पडदा दाखवितें. तेथें आरंभाची दुरुस्ती, नुकतें आलेलें अद्यतन काढणें, सेफ मोड, हे पर्याय मिळतात. त्याच पडद्यावर यंत्र नव्यासारखें करण्याचाहि पर्याय असतो, आणि त्यांत 'माझ्या फाईली ठेवा' व 'सर्व काढून टाका' अशा दोन ओळी एकीखालीं एक असतात. ह्या दोन ओळींमध्यें एका बोटाचें अंतर आहे. ज्याच्याजवळ दुसरी प्रत नाहीं, त्यानें दोहोंपैकीं एकीलाहि हात लावण्यापूर्वीं, पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून आपल्या फाईली बाहेरच्या डिस्कवर उतरून घ्याव्या. जुनी फिरणारी डिस्क 'टक्‌ टक्‌' असा आवाज करीत असेल, तर मात्र यंत्र पुन्हा पुन्हा चालू करूं नये. प्रत्येक प्रयत्नाबरोबर तिच्यावरील मजकूर वांचण्याची आशा कमी होते.

दोन प्रसंगीं वरील सर्व परीक्षा वर्ज्य आहेत. पहिला पाण्याचा. चहा सांडला, छत गळलें, तर यंत्र चालतें कीं नाहीं हें पाहण्याचा मोह आवरावा. तत्काळ वीज तोडावी, उपडें धरून पाणी निथळूं द्यावें, आणि तें उघडून स्वच्छ होईपर्यंत कळ दाबूं नये. ओलसर तांब्यांतून वीज वाहिली कीं तें झपाट्यानें गंजतें. साखरेच्या चहानें तें अधिकच. तांदळाच्या डब्यांत यंत्र पुरण्यानें साखर निघत नाहीं व क्षारहि निघत नाहीं. दुसरा प्रसंग बॅटरी फुगल्याचा. टचपॅड वर उचलल्यासारखें दिसणें, झांकण नीट न मिटणें, तळ टेबलावर डुगडुगणें, हीं त्याचीं चिन्हें. फुगलेली लिथियम बॅटरी चार्ज करूं नये, दाबूं नये, टोंचूं तर मुळींच नये. ती पेट घेते. कचऱ्याच्या टोपलींतहि तिला स्थान नाहीं. भारतांत २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनीं ती परत घेऊन तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

इतकें करून यंत्र उठलें नाहीं, म्हणजे कारागिराकडे जाणें आलेंच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीच्या आसपास गेलेला मनुष्य "बंद पडला" म्हणाला, तर "मदरबोर्ड गेला" हें उत्तर त्याला एका मिनिटांत मिळूं शकतें. तोच जर म्हणाला कीं, "चार्जर तपासला आहे, कॅप्स लॉकचा दिवा लागत नाहीं, बाहेरच्या पडद्यावरहि चित्र नाहीं, आणि डिस्कला हात लावावयाचा नाहीं", तर संभाषणाचा नूरच बदलतो. शेवटची अट कागदावर लिहून घ्यावी.

कारण डिस्क ही मदरबोर्डाहून वेगळी वस्तु आहे, निदान पुष्कळ यंत्रांत. मदरबोर्ड जळून गेला तरी डिस्क काढून, स्वस्तांत मिळणाऱ्या यूएसबी डबींत बसवून, दुसऱ्या संगणकाला जोडतां येते, आणि प्रबंध, छायाचित्रें, जमाखर्च जसेंच्या तसें समोर येतें. येथें एकच नवी अडचण आहे. विंडोज ११ असलेल्या अनेक यंत्रांत डिस्कवरील मजकूर आपोआप कुलूपबंद केलेला असतो, आणि त्या कुलपाची किल्ली मदरबोर्डावरील एका चिपमध्यें असते. डिस्क दुसरीकडे लावली किंवा मदरबोर्ड बदलला, कीं यंत्र ४८ अंकांची पर्यायी किल्ली मागतें. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत जमा झालेली असते. परंतु त्या खात्याचा परवलीचा शब्दहि पुष्कळांनीं त्याच लॅपटॉपमध्यें लिहून ठेवलेला असतो. यंत्र धडधाकट असतांना हे ४८ अंक कागदावर उतरून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवण्यास पांच मिनिटें पुरतात.

अॅपलच्या अलीकडच्या यंत्रांत तर डिस्क म्हणून काढण्याजोगी वस्तुच नाहीं. साठवणीच्या चिपा मदरबोर्डावर आणि कुलपाची किल्ली मुख्य चिपच्या पोटांत, अशी रचना असल्यानें मदरबोर्ड बदलणें म्हणजे मजकुरावर पाणी सोडणें होय. अशा वेळीं निष्णात कारागीर सूक्ष्मदर्शकाखालीं तो मेलेला बोर्ड ठेवतात, कोणत्या रेषेवर वीज आहे व कोणत्या रेषेवर नाहीं तें मल्टिमीटरनें एकेक करून मोजतात, आणि कांहीं रुपयांचा एखादा संधारक बदलून त्यांत पुन्हा धुगधुगी आणूं पाहतात. तो लॅपटॉप पुढें वर्षानुवर्षें चालावा, अशी त्यांची व मालकाची अपेक्षा नसते. फाईली बाहेर निघेपर्यंत तो तासभर जागा राहिला, तर तेवढें पुरे असतें.